दसऱ्याला इलेक्ट्रिक टेम्पो घ्यायचाय: राज्याची सूट हिशोबात धरावी की नाही?

विश्रामबागवाला
(२३ सप्टेंबर २०२५)

मंडळी, २३ जुलै २०२१ ही तारीख माझ्या डोक्यात दोन कारणांनी पक्की बसली आहे. त्या दिवशी आम्ही दर तासाला मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत होतो आणि सासुरवाडीचं सामान माळ्यावर चढवत होतो. त्याच तारखेला राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा शासन निर्णय निघाला. पाणी उतरलं, चिखल काढला आणि पुढच्या मार्चमध्ये मी बॅटरीची स्कूटर घेतली, कारण सरकार पैसे देत होतं. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे ५,००० रुपये, कमाल १०,०००. ‘आधी येणाऱ्याला’ आणखी कमाल १५,०००. ही जादाची सवलत आधी डिसेंबर २०२१ पर्यंतच होती, मग ती ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवली. मी २६ मार्चला पावती फाडली.

डीलरने (नाव घेत नाही) पूर्ण रक्कम भरून घेतली आणि ‘राज्याचे नंतर खात्यावर येतील’ म्हणाला. दहा हजार चौदा महिन्यांनी आले. उरलेल्याचं विचारलं की अजूनही ‘फाईल पुढं गेलीय’ एवढंच उत्तर. तीन वर्षं झाली. फाईल पायी चालली असती तरी एव्हाना मुंबई गाठून परत आली असती.

आता विषय मेहुण्याचा. तो पहाटे विष्णुअण्णा फळ मार्केटमधून माल उचलतो आणि माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुपवाडच्या दुकानांना टाकतो. रोज साठ-सत्तर किलोमीटर होतात. त्याचा डिझेल टमटम आता देवाच्या भरवशावर चालतोय. इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकीचं कोटेशन आणलंय, ३ लाख ८० हजार. या वर्षी २९ एप्रिलला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या धोरणात मालवाहू तीनचाकीला मूळ किमतीवर १५ टक्के सूट लिहिली आहे, पण शोरूममधला मुलगा ती कोटेशनवर दाखवतच नाही. दसरा २ ऑक्टोबरला आहे. कर्ज किती काढायचं हे त्याच्यावर ठरणार. ती सूट धरायची का सोडून द्यायची?

भडंग

सोडून द्यायची. पुढचा धागा.

तंबोरा_मिरज

भडंगराव, एवढ्यात नको. आमच्याकडे उलटं झालं होतं, पैसे न मागता आले. २०२३ मध्ये एक दिवस कंपनीचा मेसेज आला, ‘तुमच्या चार्जरचे पैसे परत करत आहोत’. मला वाटलं फसवाफसवी आहे, लिंकवर बोटसुद्धा लावलं नाही. मग कळलं की केंद्राच्या फेम-२ योजनेत दीड लाखांच्या आतल्या दुचाकीलाच अनुदान होतं, म्हणून काही कंपन्यांनी चार्जर वेगळ्या बिलावर विकला आणि गाडीची किंमत मर्यादेत बसवली. केंद्राच्या ते लक्षात आलं, कंपन्यांना ते पैसे गिऱ्हाइकांना परत करावे लागले. त्याच वर्षी १ जूनपासून दुचाकीच्या अनुदानाची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. माझ्या चुलतभावाने मेमध्ये ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं, आणि तीच गाडी त्याला महाग पडली. वहिनी अजून ऐकवते.

कागदी_घोडा

मंत्रालयात नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी टेबलावर तीस वर्षं काढली आहेत, त्या हिशोबाने लिहितो. विश्रामबागवाले, तुमच्या स्कूटरवर दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि तुम्ही दोन्हीला सबसिडी म्हणताय.

एक म्हणजे करमाफी. मोटार वाहन कर हा १९५८ च्या कायद्याखाली घेतला जातो. त्याच कायद्यात शासनाला अधिसूचना काढून एखाद्या प्रकारच्या गाड्यांना कर माफ करता येतो. अधिसूचना निघाली की आरटीओच्या संगणकावर तुमच्या गाडीपुढे शून्य दिसतं. कुणी तुम्हाला काही द्यायचं नसतं, कुणाची सही लागत नाही, बजेट लागत नाही. आठवून बघा, नोंदणीच्या दिवशी तुम्ही रस्ता कर भरला होता का?

दुसरं म्हणजे प्रोत्साहन रक्कम. ही धोरणातून येते. धोरण म्हणजे शासन निर्णय. त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागते, तरतूद संपली तर पुरवणी मागणी लागते, मग वितरण, मग कंपनीचा दावा, छाननी, कोषागार. यातला एक जरी माणूस रजेवर गेला की तुमची फाईल पायी निघाली. नव्या धोरणासाठी १,९९३ कोटी सांगितलेत आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. पण आकडा जाहीर होणं वेगळं आणि तुमच्या मेहुण्याच्या बिलावर उतरणं वेगळं.

अजून एक गंमत बघा. २०१८ चं धोरण उद्योग विभागाने काढलं, २०२१ चं पर्यावरण विभागाने, आणि आत्ताचं गृह विभागाच्या परिवहन शाखेने. दर वेळी नवीन टेबल. जुन्या टेबलावरचे दावे कुणी निस्तरायचे, हा प्रश्न मी नोकरीत असतो तर मीही दुसऱ्याकडेच ढकलला असता.

विश्रामबागवाला

घोडेसाहेब, आत्ता उठून कपाटातली पावती काढली. मोटार वाहन कर: शून्य. शेजारच्या जोशीकाकांनी त्याच महिन्यात १२५ सीसीची पेट्रोल स्कूटर घेतली होती, त्यांना ११ टक्क्यांनी नऊ हजारांच्या वर कर बसला होता. म्हणजे माझे नऊ-दहा हजार पहिल्याच दिवशी वाचले होते, आणि मी तीन वर्षं फक्त न आलेल्या पैशांचंच रडगाणं गात बसलो.

कागदी_घोडा

तेच म्हणतोय. आणि मेहुण्याच्या बाबतीत केंद्राचं वेगळं धरा. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेचे पैसे बिलातच वजा होतात. तीनचाकीला गेल्या आर्थिक वर्षात किलोवॅट-तासाला ५,००० होते, या वर्षी २,५०० आहेत. बॅटरी किती आहे?

विश्रामबागवाला

साधारण नऊ. म्हणजे साडेबावीस हजार. हो, कोटेशनवर ‘केंद्र’ म्हणून तेवढंच वजा दाखवलंय. त्याच्यासाठी मेहुण्याला शोरूममध्ये सेल्फी काढून आधारशी चेहरा जुळवायचा आहे म्हणे. आधारवर तो अठरा वर्षांचा, मिशीचा पत्ता नाही.

भडंग

मिशी काढून जा म्हणावं, दसऱ्यापर्यंत परत येईल.

ते जाऊ दे. मला एक मूळ प्रश्न आहे आणि कुणी ‘पर्यावरण’ एवढं एकच उत्तर देऊ नये. माझी २०११ ची मोटरसायकल आहे. मी पेट्रोलवर कर भरतो, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर पण भरणार. आणि तीस लाखांची बॅटरीची गाडी घेणाऱ्याला कर शून्य? माझ्या खिशातून त्याची गाडी का?

कागदी_घोडा

हा प्रश्न विधिमंडळात येऊन गेलाय. यंदाच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पात अजित पवारांनी तीस लाखांपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. अधिवेशन संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. त्यातून फारसा महसूल येणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल, असा सूर होता. त्याच अर्थसंकल्पात सीएनजी-एलपीजीच्या खाजगी चारचाकींचा कर मात्र एका टक्क्याने वाढला आणि ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर आला. म्हणजे मेहुण्याने छोटा डिझेल टेम्पो घ्यायचं ठरवलं तर हा कर धरूनच हिशोब करावा.

भडंग

म्हणजे भाजी वाहणाऱ्याला सात टक्के आणि आलिशान गाडीला शून्य. चुकीचा संदेश जायचा तो माझ्यापर्यंत बरोबर पोचलाय.

तंबोरा_मिरज

इथे मी भडंगच्या बाजूने. करमाफीला किमतीची वरची रेघ हवीच होती. २०२१ च्या धोरणात निदान प्रत्येक गाडीमागे कमाल रक्कम होती, कारला दीड लाख. करमाफीला तशी रेघ नाही, त्यामुळे गाडी जितकी महाग तितकी माफी मोठी.

जतची_लेक

मी बरेच दिवस वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे आपापल्या गाड्यांचं बोलताय. मी आठवड्याला सांगली-जत एसटीने करते. आमची गाडी म्हणजे खिडकीची काच खाली गेली की वर येत नाही आणि वर असली की खाली येत नाही. नव्या धोरणात एसटीच्या इलेक्ट्रिक बसलाही १० टक्के आहे ना? पहिली ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-नगर धावली, एसटीचा वर्धापनदिन साधून. वातानुकूलित, आवाज नाही, छान. पण अशा गाड्या आधी पुण्याच्या वाटेवर दिसतात. जतच्या वाटेवर कवठेमहांकाळच्या पुढे चार्जिंगचं काय? एका बसमध्ये आम्ही पन्नासजण बसतो. एका कारच्या करमाफीत आमचं काय काय झालं असतं, याचा हिशोब घोडेसाहेबांनी करावा.

कागदी_घोडा

ताई, हिशोब तुम्हीच केलात. धोरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची असं लिहिलंय. जत रस्ता त्यात येतो. कधी, ते लिहिलेलं असलं तरी मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मी निवृत्त झालोय आणि मला झोप लागते.

सातारी_कंदी

साताऱ्याहून हजेरी. माझ्याकडे इलेक्ट्रिक कार आहे, दोन वर्षं झाली. टोलमाफीचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. ‘ईव्हीला टोल माफ’ अशी बातमी आली आणि घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग वाचलं नीट. पूर्ण माफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी यांना. अटल सेतूवर २२ ऑगस्टपासून सुरू झाली. आता सातारकराने पुण्याला जायचं तर आनेवाडी आणि खेड शिवापूर. तुम्ही सांगलीकर पेठ नाक्यावरून आलात तर त्याच्या आधी तासवडेही. हे तिन्ही राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे केंद्राच्या प्राधिकरणाचे. राज्याच्या धोरणाचा तिथे संबंध नाही. खंबाटकीत ट्रकमागे अर्धा तास उभं राहून, पूर्ण टोल भरून पुण्यात पोचायचं, आणि तिथून पुढे मुंबईला गेलात तरच ३२० रुपये वाचणार.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. पोवई नाक्यावरून कासला निघालो की यवतेश्वरच्या चढाला बॅटरीचा आकडा असा पडतो की बायको आकड्याकडेच बघत बसते, फुलांकडे नाही. उतरताना पायाला ब्रेक फारसा लागतच नाही आणि साताऱ्यात शिरेपर्यंत त्यातलं थोडं परत बॅटरीत आलेलं असतं. पहिल्या वेळी तिला ते पटलंच नाही, म्हणाली काटा खराब आहे.

आबा_द्राक्षवाले

राम राम. तासगावकडनं लिवतोय. त्या पंधरा टक्क्यांच्या यादीत बॅटरीचा ट्रॅक्टर पण हाय म्हणं. बागेत औषध मारायला छोटा ट्रॅक्टर आन मागं ब्लोअर, छाटणी झाली की दिवसाआड चालू. डिझेल लई खातंय. पोरगं म्हणतंय बॅटरीचा घेऊ. मी म्हणलं, शेतीच्या लायनीला आठ तास लाईट, त्यात आठवड्यातनं रातची पाळी. मोटर चालवू का ट्रॅक्टर चार्ज करू?

फेज_न्यूट्रल

आबा, शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करायचीच नाही. ती जोडणी पंपासाठी, तिचा दर वेगळा. तपासणीला आले तर भुर्दंड बसेल. घराच्या जोडणीवर करा, आणि आधी घरचा मंजूर भार किती ते बिलावर बघा.

मी वायरिंगची कामं करतो, कुपवाड एमआयडीसीपासून सांगलीवाडीपर्यंत. विश्रामबागवाले, तुमच्या मेहुण्यांच्या विजेचा हिशोब कुणीच केला नाही. नऊ युनिटची (युनिट म्हणजेच किलोवॅट-तास) बॅटरी, चार्जिंगमध्ये थोडी गळती, धरा रोज दहा युनिट. पंचवीस दिवस, अडीचशे युनिट. घरचा वापर किती?

विश्रामबागवाला

शंभर-एकशेदहा. म्हणजे साडेतीनशेच्या वर जाणार. आणि शंभराच्या पुढे दर दुप्पट होतो ना? मग सगळेच युनिट दुप्पट दराने?

फेज_न्यूट्रल

नाही, हा गैरसमज मी रोज दोन घरी काढतो. पहिले शंभर शंभरच्याच दराने. त्यापुढचे तीनशेपर्यंतचे पुढच्या दराने, दुप्पटीहून जरा जास्तच पडतो तो. आणि तीनशेच्या पुढचे त्याहून वरच्या दराने. पायऱ्या आहेत, एका पायरीवर उभं राहिलात म्हणून खालच्या पायऱ्या महाग होत नाहीत. तरी टेम्पोचे अडीचशे युनिट सगळे वरच्या पायऱ्यांवरच पडणार. म्हणून दोन वाटा आहेत. महावितरणची ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, त्यात वेगळा मीटर मागून बघा, तिथे घरगुतीसारख्या पायऱ्या नाहीत. नाहीतर छपरावर सौर. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० मिळतात. टेम्पो दिवसा बाहेर असला तरी चालतं, दिवसाची वीज ग्रीडला जाते आणि रात्रीची त्यातून वजा होते.

आता माझा खरा मुद्दा. सॉकेट. लोक चार लाखांची गाडी आणतात आणि व्हरांड्यातल्या पाच अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून रात्रभर चार्ज करतात. गेल्या महिन्यात वान्लेसवाडीला गेलो होतो, सॉकेटचं प्लास्टिक वितळून पिन आत चिकटली होती. तपासलं तर अर्थिंगची हिरवी वायर बोर्डाच्या मागे नुसती गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नव्हती. घर बांधल्यापासून तशीच. सोळा अँपिअरचं सॉकेट, मीटरपासून स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा) आणि नवीन अर्थिंग, याशिवाय टेम्पो आणू नका. याला कुठलीच सबसिडी नाही, हा खर्च हिशोबात धरा.

जतची_लेक

आणि पुराचं? तुमची सासुरवाडी पूरपट्ट्यात दिसतेय.

विश्रामबागवाला

सांगलीवाडीजवळ, हो. २०१९ ला पहिल्या मजल्याला पाणी होतं, पुलापाशी ५७ फूट. शोरूममधला म्हणाला बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्यात टाकली तरी काही होत नाही.

फेज_न्यूट्रल

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कृष्णामाई अर्धा तास थांबत नाही, आठवडा थांबते. इशारा पातळी चाळीसला आली की टेम्पो विश्रामबागेत तुमच्या दारात आणून लावायचा, एवढं मेहुण्यांशी आत्ताच ठरवा. आणि एकदा बुडालेली गाडी वाळली म्हणून चार्जिंगला लावायची नाही, आधी कंपनीचा माणूस बघेल.

भडंग

म्हणजे पुराबरोबर मेहुणा, मेहुण्याचं सामान आणि टेम्पो. विश्रामबागवाले, चहाचं बघा.

तंबोरा_मिरज

एक राहिलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला. तीनचाकी, मालवाहू आणि छोट्या दुचाकी २८ वरून १८ वर आल्या. इलेक्ट्रिक होत्या तिथेच, ५ वर. म्हणजे डिझेलवाली कालपासून स्वस्त झाली. कोटेशन दोन्हीचं नवीन घ्या, जुन्यावर तुलना करू नका.

विश्रामबागवाला
(२९ सप्टेंबर)

नवीन कोटेशन घेतलं. डिझेलवाली बरीच खाली आली, खोटं कशाला बोला. मेहुणा दोन दिवस डळमळला. मग आम्ही कागदावर एक रकाना कोरा ठेवून हिशोब केला: राज्याचे १५ टक्के शून्य धरले, करमाफी धरली, केंद्राचे साडेबावीस हजार धरले, वायरिंगचे अकरा हजार खर्चात धरले. त्याचं डिझेल महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास जातं. विजेचे सगळे युनिट वरच्या पायरीचे धरले तरी निम्म्याहून बरंच खाली येतं. हप्ता बसतो. पतसंस्थेने मात्र बॅटरीच्या गाडीला तीनच वर्षं मुदत दिली, व्याजही एक टक्का जास्त. ‘जुनी झाल्यावर ही कोण घेणार?’ असं मॅनेजर म्हणाले. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कागदी_घोडा

कोऱ्या रकान्याबद्दल अभिनंदन. तरीपण चेसिस नंबर, बिल, आरसी, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा आणि डीलरकडून ‘राज्याचे प्रोत्साहन ग्राहकास दिलेले नाही’ एवढी एक ओळ सही-शिक्क्यासह घ्या. आत्ता देतील. वर्षाने तोच मुलगा तिथे नोकरीला नसेल.

आबा_द्राक्षवाले

आमचं पोरगं फेजभाऊंचं वाचून गप झालंय. घरचा भार बघितला, दोन किलोवॅट. यंदाची छाटणी डिझेलवरच.

विश्रामबागवाला
(२ ऑक्टोबर)

आला टेम्पो. गणपती मंदिरापुढे नारळ फोडला. झेंडूची माळ, बोनेटवर आपट्याची पानं. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, सासूबाई म्हणाल्या आधीच हळद लावून आलाय. सेल्फी तिसऱ्या वेळी जुळला, मिशी शाबूत आहे. ती एक ओळ सही-शिक्क्यासह घेतली, आधी नाही म्हणत होता, मग चाव्या न घेता खुर्चीत बसून राहिलो.

भडंग

अभिनंदन. तीस लाखवाल्याचं अजून मनातून जात नाही, पण मेहुण्याला माझ्याकडून शुभेच्छा.

फेज_न्यूट्रल

अर्थिंग झालं?

विश्रामबागवाला

खड्डा झालाय, मीठ-कोळसा आणून ठेवलाय. दसऱ्यामुळे माणूस उद्या येतो म्हणाला.

फेज_न्यूट्रल

मग आज रात्री लावू नका. किती टक्के आहे?

विश्रामबागवाला

६१.

फेज_न्यूट्रल

उद्याची बुधगावची फेरी होते त्यात. सकाळी नऊला मीच येतो, पत्ता कळवा.